गप्पांच्या खोलीची किल्ली

फायरफॉक्स हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. इंटरनेटवरील पाने पाहण्याचा हा एक ब्राउझर. तो मराठीतही मिळतो. पण तो तयार कसा होतो, याचा विचार कधी केला आहे का? मोझिला संस्थेचे पगारी अभियंते त्यावर काम करतात हे खरे. पण त्यांच्या जोडीला जगभर विखुरलेले हौशी लोकही असतात. कोणी त्यातील चूक शोधून काढतो, कोणी ती दुरुस्त करतो, कोणी मेनूतील शब्द आपल्या भाषेत आणतो. हे शक्य होते, कारण फायरफॉक्सच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांसाठी उघडा ठेवलेला आहे. अशा प्रोग्रॅमना मुक्तस्रोत म्हणतात.

आता अडचण पाहा. हे लोक एका गावात राहत नाहीत. हिवाळ्यात नागपूरला रात्रीचे ९ वाजतात, तेव्हा लंडनला दुपारचे साडेतीन झालेले असतात आणि सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे साडेसात. नागपूरच्या विद्यार्थ्याला एक शंका आली, तर त्याने ती कोणाला विचारावी? दहा जणांच्या गटात दोघादोघांच्या ४५ जोड्या होतात. हजार जणांच्या गटात किती होतील? १००० ला ९९९ ने गुणा आणि २ ने भागा. उत्तर येते ४,९९,५००. एवढी खासगी संभाषणे कोण सांभाळणार! म्हणून एक सामायिक खोली हवी. एकाने बोलावे, सर्वांनी ऐकावे, आणि ज्याला उत्तर येत असेल त्याने द्यावे. ही खोली अर्थातच संगणकावरची. तिला इंग्रजीत चॅट म्हणतात. आपण गप्पांची खोली म्हणू.

खोली कोणतीही घ्या, काय फरक पडतो, असे तुम्ही म्हणाल. फरक पडतो, आणि तो पुष्कळ पडतो. मोठमोठ्या गटांना या एका निवडीपायी महिनोन्‌महिने खल करावा लागला आहे. काहींना तर रातोरात बिऱ्हाड हलवावे लागले. ते का, हे समजण्यासाठी या खोल्या आतून कशा चालतात ते आधी पाहू.

ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडमधील ओऊलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन या तरुणाने इंटरनेट रिले चॅट नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्याचे लघुरूप आयआरसी. कल्पना साधी होती. तुमचा संगणक जवळच्या एका सर्व्हरला, म्हणजे सेवा पुरवणाऱ्या संगणकाला जोडायचा. तो सर्व्हर दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. तुम्ही एक ओळ लिहिली की ती या सर्व्हरांवरून पुढे पुढे सरकत खोलीतल्या प्रत्येकाच्या पडद्यावर उमटते. रिले शर्यतीतली काठी जशी हातोहात पुढे जाते, तसेच हे. ऑगस्ट १९९१ मध्ये सोव्हिएत संघात सत्तापालटाचा प्रयत्न झाला, त्या वेळी तिथल्या बातम्या आयआरसीवरून बाहेरच्या जगात पोहोचत होत्या.

सर्व्हर एकमेकांना कसे जोडायचे, याबाबत मात्र आयआरसीचा नियम कडक आहे. कागद-पेन्सिल घ्या आणि सहा ठिपके काढा. ते रेघांनी असे जोडा की कोणत्याही ठिपक्यापासून कोणत्याही ठिपक्यापर्यंत जाता येईल, पण कुठेही बंद वळसा तयार होणार नाही. तुम्हांला बरोबर पाच रेघा लागतील. कशाही काढा, पाचच! या आकृतीला गणितात वृक्ष म्हणतात. बंद वळसा का नको? अ, ब आणि क असे तीन सर्व्हर त्रिकोणात जोडले आहेत असे समजा. अ ने निरोप ब ला व क ला दिला. ब ने तोच निरोप क ला दिला, क ने ब ला दिला, मग दोघांनीही तो परत अ ला दिला. एकच ओळ गोल गोल फिरत राहील. हे टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे वळसाच ठेवायचा नाही.

आता तुमच्या आकृतीतील कोणतीही एक रेघ खोडा. काय झाले? आकृतीचे दोन तुकडे झाले. वृक्षाची कोणतीही फांदी तोडली तरी हेच होणार. सर्व्हरांमधला एखादा दुवा निखळला की आयआरसीच्या खोलीचेही असेच दोन तुकडे पडतात. या बाजूला वाटते की ते सगळे उठून गेले, त्या बाजूला वाटते की हे गेले. दुवा पुन्हा जुळला की सर्व जण एकदम परत अवतरतात. पण मधल्या वेळात पलीकडे जे बोलणे झाले, ते आपल्याला कधीच कळत नाही. आयआरसीचे जुने वापरकर्ते या प्रकाराला नेटस्प्लिट म्हणतात आणि त्याबद्दल काहीशा प्रेमानेच बोलतात.

आयआरसीच्या सर्व्हरला स्मरणशक्ती नाही, ही दुसरी गोष्ट. तो ओळ पुढे देतो आणि विसरतो. नागपूरच्या त्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, दहा मिनिटे वाट पाहिली आणि संगणक बंद करून तो झोपला. अकराव्या मिनिटाला उत्तर आले, तर ते त्याच्यासाठी हवेत विरले. जाणकार मंडळी यावर युक्त्या करतात. आपल्या नावाने एक प्रोग्रॅम चोवीस तास खोलीत बसवून ठेवतात आणि तो सगळे टिपून घेतो. पण ज्याने कालच संगणक हाती घेतला, त्याला ही युक्ती कोण सांगणार?

तिसरी गोष्ट आपल्या खास जिव्हाळ्याची. आयआरसीचे नियम १९९३ मध्ये लिखित स्वरूपात प्रसिद्ध झाले. त्यांत एका निरोपाची कमाल लांबी ५१२ बाइट ठरलेली आहे, आणि त्यातले दोन बाइट ओळ संपल्याची खूण करण्यात जातात. रोमन लिपीतील एका अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत, तीन बाइट लागतात. ‘नमस्कार’ लिहून पाहा. न, म, स, हलन्ताची खूण, क, काना आणि र अशी सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट. हाच शब्द रोमन लिपीत ८ बाइटांत बसतो! इंग्रजीत पाचशे अक्षरे मावतील त्या जागेत मराठीची १७० चिन्हेही जेमतेम मावतात. शिवाय निरोपासोबत पाठवणाऱ्याचे नाव-गावही त्याच जागेतून जाते. नियम करणाऱ्यांच्या मनात दुजाभाव नव्हता, त्यांच्यासमोर देवनागरी नव्हतीच. पण गप्पांची खोली बांधणारा कोणाला डोळ्यांसमोर ठेवून ती बांधतो, हे अशा बारीकसारीक आकड्यांत दिसून येते.

एवढे असूनही मोझिलाचे लोक वीस वर्षांहून अधिक काळ आयआरसीवरच बोलत होते. एप्रिल २०१९ मध्ये संस्थेने जाहीर केले की आता दुसरी जागा शोधायची. कारणे दोन होती. नवख्या माणसाला आत शिरणे फार किचकट पडे. आणि आत शिरणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय नसल्यामुळे त्रास देणाऱ्यांचे फावत होते. एखाद्या टवाळाला बाहेर काढावे, तर तो दुसऱ्या नावाने पुन्हा हजर!

पुढे मोझिलाने जे केले ते मला फार आवडते, कारण त्यात प्रयोगशाळेची शिस्त आहे. आधी अटी ठरवल्या. नवीन काही स्वतः बांधत बसायचे नाही, तयार वस्तूच घ्यायची. येणाऱ्याची ओळख पटली पाहिजे. खोलीवर देखरेख करणाऱ्यांच्या हाती योग्य साधने हवीत. आणि दृष्टिहीन व्यक्तींनाही ती जागा वापरता आली पाहिजे. ही शेवटची अट म्हणजे केवळ सौजन्य नव्हे, बरे का. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे प्रोग्रॅम असतात. खोलीची रचना नीट नसेल, तर असा प्रोग्रॅम गोंधळतो आणि एक उत्तम प्रोग्रॅमर दाराबाहेर राहतो. अटी ठरल्यावर चार उमेदवार निवडले : मॅटरमोस्ट, मॅट्रिक्स, रॉकेट.चॅट आणि स्लॅक. ते प्रत्यक्ष वापरून पाहण्यासाठी लोकांना खुले केले. डिसेंबर २०१९ मध्ये निकाल लागला. निवड मॅट्रिक्सची झाली आणि मार्च २०२० मध्ये मोझिलाचा जुना आयआरसी सर्व्हर बंद झाला.

मॅट्रिक्समध्ये काय वेगळे आहे? २०१४ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत खोली एका सर्व्हरच्या मालकीची नसते. भाग घेणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर त्या खोलीच्या वहीची एक एक प्रत असते. कोणी काही लिहिले की त्याचा सर्व्हर ते इतर सर्वांना थेट कळवतो. दुवा तुटला तर दोन्हीकडची माणसे आपापल्या प्रतीत लिहीत राहतात आणि दुवा जुळला की दोन्ही प्रती एकत्र केल्या जातात. मधले बोलणे हरवत नाही.

पण थांबा. दोन प्रती एकत्र करताना कोणती ओळ आधी आणि कोणती नंतर, हे कसे ठरवायचे? घड्याळ पाहून, असे तुम्ही म्हणाल. तेच तर अवघड आहे. दोन संगणकांची घड्याळे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. इथे भौतिकीची आठवण येते. आइनस्टाइनच्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांतानुसार, दूर अंतरावरील दोन घटनांपैकी आधी कोणती हे सर्व निरीक्षकांना सारखेच दिसेल असे नाही. पण एका घटनेची वार्ता प्रकाशाच्या वेगाने का होईना दुसरीपर्यंत पोहोचू शकत असेल, तर पहिली आधीची, यावर सर्वांचे एकमत होते. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये हाच विचार संगणकांच्या जाळ्याला लावून दाखवला. घड्याळ विसरा, कोणाला कोणाची वार्ता होती ते पाहा! मॅट्रिक्समध्ये प्रत्येक निरोप आपल्या आधीच्या कोणत्या निरोपांनंतर लिहिला गेला, ते स्वतःबरोबर नोंदवून ठेवतो. उत्तरात प्रश्नाची नोंद असते, म्हणून उत्तर नंतरचे. ज्या दोन निरोपांना एकमेकांची वार्ताच नव्हती, ते शेजारी शेजारी उभे राहतात आणि त्यांचा क्रम ठरीव नियमाने लावला जातो. बर्नच्या पेटंट कचेरीतला १९०५ सालचा एक विचार आज गप्पांच्या खोलीत उपयोगी पडतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

याची किंमतही द्यावी लागते. शंभर सर्व्हर असतील तर वहीच्या शंभर प्रती आल्या. साठवणीला जागा अधिक लागते, हिशेब अधिक ठेवावा लागतो, आणि हजारो माणसे असलेल्या खोलीत नव्याने शिरताना सर्व्हरची दमछाक होते. साध्यासुध्या आयआरसीला जुन्यात जुना संगणकही चालतो.

मग एवढ्या खटपटीत न पडता एखाद्या कंपनीची आयती खोली का घेऊ नये? कित्येक गट घेतात. ती देखणी असते, चित्रे पाठवता येतात, फोनवर चालते आणि सुरुवातीला फुकटही असते. रिॲक्ट नावाच्या प्रसिद्ध प्रोग्रॅम-संचाचे चाहते असेच स्लॅकवर जमले होते. सदस्यांची संख्या सुमारे साडेसात हजारांवर गेली, तेव्हा आणखी लोकांना बोलावू नका, असे त्यांना सांगण्यात आले. त्या काळी स्लॅकच्या फुकट योजनेत शेवटचे १०,००० निरोपच दिसत. साडेसात हजार माणसांनी प्रत्येकी दोन ओळी लिहिल्या की वही पुसायला लागलीच! ऑक्टोबर २०१५ मध्ये ही सर्व मंडळी डिस्कॉर्डवर गेली. ही जागा त्याच वर्षी मे महिन्यात, मुख्यतः खेळ खेळणाऱ्यांसाठी सुरू झाली होती. पण तीही एका कंपनीचीच आहे आणि तिची आज्ञावली मुक्त नाही.

जून २०२५ मधील एक प्रसंग तर फारच बोलका आहे. कुबरनेटीस हा फार मोठा मुक्तस्रोत प्रकल्प. त्याची खोली स्लॅकवर एका विशेष सवलतीने चालत असे. ही सवलत अवघ्या काही दिवसांत बंद होणार, असे त्यांना अचानक कळवण्यात आले. साध्या फुकट योजनेत ९० दिवसांपूर्वीचे निरोप दिसत नाहीत. वर्षानुवर्षांची प्रश्नोत्तरे वाचवण्याची धावपळ सुरू झाली, पर्यायी जागेचा विचार सुरू झाला. मग कंपनीने निर्णय मागे घेतला. कंपनी दुष्ट होती असे मी म्हणणार नाही. तिची जागा, तिचे भाडे, तिचा हिशेब. भाडेकरूच्या हाती मात्र त्या काही दिवसांत काहीच नव्हते.

कंपनी नको, आपलेच स्वयंसेवक बरे, असे वाटत असेल तर आता फ्रीनोडची गोष्ट ऐका. फ्रीनोड हे आयआरसी सर्व्हरांचे जाळे होते आणि मुक्तस्रोत जगाचा तो जणू चावडीचा पार होता. उबुंटू, जेंटू, विकिपीडियाची मंडळी, कितीतरी प्रकल्प तिथे बसत. सर्व्हर चालवणारे सारे स्वयंसेवक, पगार कोणालाच नाही. परंतु २०१७ मध्ये या नावाशी निगडित कंपनी एका उद्योजकाच्या हाती गेली होती. चार वर्षे कोणाला त्याचे विशेष काही वाटले नाही. २०२१ मध्ये जाळ्याचा ताबा नेमका कोणाचा, यावरून वाद पेटला आणि १९ मे रोजी स्वयंसेवकांनी एकगठ्ठा राजीनामे दिले. त्याच दिवशी त्यांनी लिबेरा चॅट नावाचे नवे जाळे सुरू केले. आता प्रत्येक प्रकल्पापुढे प्रश्न होता : माणसांबरोबर जायचे की नावाबरोबर राहायचे? अनेकांनी आपल्या खोलीच्या पाटीवर ‘आम्ही लिबेरावर गेलो आहोत’ असे लिहिले. २६ मे रोजी, पाटीवर लिबेराचा उल्लेख असलेल्या शेकडो खोल्या फ्रीनोडच्या नव्या चालकांनी ताब्यात घेतल्या. ज्यांनी त्या खोल्या वर्षानुवर्षे झाडून-पुसून सांभाळल्या, त्यांचाच अधिकार गेला. पुढल्याच महिन्यात फ्रीनोडने आपली यंत्रणा बदलली आणि जुन्या सदस्यांची व खोल्यांची नोंदणी पुसली गेली.

उबुंटू, जेंटू, विकिपीडिया या सर्वांनी लिबेरा गाठले. नव्या जाळ्याच्या संस्थापकांनी मागच्या अनुभवावरून एक गोष्ट आधी केली. त्यांनी स्वीडनमध्ये ना-नफा संस्था नोंदवली आणि जाळे चालवणारे स्वयंसेवकच तिचे सभासद झाले. पाहा हं, तंत्रात काडीचाही बदल नव्हता. तेच आयआरसी, तोच वृक्ष, तेच ५१२ बाइट. बदलली होती ती कायद्याच्या कागदावरची एक ओळ. उलट मोझिलाचे उदाहरण आठवा. त्यांनी आपला मॅट्रिक्स सर्व्हर स्वतः चालवला नाही, तो एका कंपनीकडून चालवून घेतला. तरी त्यांना फारशी भीती नव्हती, कारण मॅट्रिक्सचे नियम खुले आहेत. कंपनीशी पटले नाही तर दुसऱ्याच्या यंत्रावर तोच कारभार मांडता येतो. घर भाड्याचे असावे की स्वतःचे, यापेक्षा सामान बाहेर काढता येते का, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आणि सामान म्हणजे काय? गप्पांतून साचलेले ज्ञान. पण ते सापडायला हवे ना! हजार निरोपांच्या एकाच लांबलचक पट्टीत कालचे उत्तर शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई. झुलिप नावाच्या मुक्तस्रोत खोलीत यावर एक साधा उपाय आहे. खोलीतल्या निरोपांना विषयाचे शीर्षक द्यायचे, अशी तिची रचना आहे. वही जशी धड्यांत विभागलेली असते, तशी ही खोली. दोन दिवसांनी आलेला माणूस नको ते धडे सोडून हवा तो वाचतो आणि तिथेच उत्तर लिहितो. घाईने लिहिणाऱ्यांना शीर्षकाची कटकट वाटते. डिस्कॉर्डवर रमलेल्या तरुणांना तर ही जागा कचेरीसारखी रुक्ष वाटते. मला विचाराल तर, ज्या गटात शिकणारे अधिक आहेत त्याने ही कटकट सोसावी.

झुलिपवर काय घडू शकते याचे एक उदाहरण देतो. डिसेंबर २०२० मध्ये पीटर शोल्त्झे या जर्मन गणितज्ञाने एक आव्हान दिले. आपल्या एका कठीण सिद्धतेची त्याला स्वतःलाच पुरती खात्री वाटत नव्हती. तिची प्रत्येक पायरी संगणकाकडून तपासून घेता येईल का? लीन नावाच्या मुक्तस्रोत प्रोग्रॅमवर काम करणाऱ्या मंडळींनी हे आव्हान घेतले. योहान कोमेलिन याच्या पुढाकाराने वेगवेगळ्या देशांतील गणितज्ञ झुलिपवरच्या खोलीत एकेका पायरीवर चर्चा करू लागले. एकाने रात्री प्रश्न टाकून झोपावे, सकाळी उठून पाहावे तर दुसऱ्या खंडातील कोणीतरी पुढची पायरी लिहून ठेवलेली! जुलै २०२२ मध्ये तपासणी पूर्ण झाली. सिद्धता बरोबर होती.

तुमच्या शाळेत विज्ञान मंडळ किंवा संगणक मंडळ असेल, तर एक प्रयोग करता येईल. दोन वेगवेगळ्या गप्पांच्या जागा निवडा. वय किती असावे लागते याबद्दल त्यांचे नियम असतात, ते आधी वाचा आणि शिक्षकांना सोबत घ्या. दोन्ही ठिकाणी आठवडाभर, रोज थोडे, गणिताच्या गृहपाठावर बोला. आठव्या दिवशी तीन गोष्टी तपासा. मंगळवारी विचारलेल्या एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर शोधायला किती सेकंद लागतात, ते घड्याळ लावून मोजा. त्या आठवड्यात आजारी असलेल्या मित्राला आत घ्या, आणि त्याला मागचे किती दिसते ते त्याच्याकडूनच विचारून घ्या. शेवटी सगळे बोलणे एका फाइलमध्ये बाहेर काढून ती फाइल दुसऱ्याच एखाद्या संगणकावर उघडा. मराठी अक्षरे नीट दिसतात का, तेही पाहा. तिसऱ्या तपासणीला वेळ लागेल, तेव्हा ती शनिवारी ठेवा.